विचलन : मापनातले आणि माणसांतले

अकरावीच्या प्रयोगशाळेत साध्या लंबकाचा प्रयोग चालला होता. वीस दोलनांना लागणारा वेळ पाच वेळा मोजायचा आणि सरासरी काढायची, एवढेच काम. एका विद्यार्थ्याची वाचने अशी आली : 40.2, 40.4, 40.1, 42.2 आणि 40.3 सेकंद. मी त्याच्या टेबलाशी पोहोचेपर्यंत त्याने चौथ्या वाचनावर काट मारलीही होती.

"का खोडलेस?"

"सर, ते चुकले आहे."

"कशावरून?"

"बाकीच्यांसारखे नाही म्हणून."

वाचन चुकलेच होते, यात शंका नाही. लंबकाचे एक दोलन सुमारे दोन सेकंदांचे होते आणि हे वाचन इतरांपेक्षा जवळजवळ दोन सेकंदांनी जास्त होते. गड्याने वीसऐवजी एकवीस दोलने मोजली होती. हे कारण त्याला सापडले असते आणि मग त्याने वाचन खोडले असते, तर माझी तक्रार नव्हती. पण त्याचे कारण निराळे होते. चौघे एका बाजूला आणि एक दुसऱ्या बाजूला, म्हणून तो एक चूक! लॉर्ड रॅले यांनी असे केले असते तर? हवेतून मिळवलेला नायट्रोजन रासायनिक पदार्थांतून मिळवलेल्या नायट्रोजनपेक्षा सुमारे अर्ध्या टक्क्याने जड भरतो, हे त्यांच्या तराजूने दाखवले. ते वजन त्यांनी खोडले नाही. त्यातूनच 1894 साली रॅले आणि रॅम्से यांना आरगॉन हा वायू सापडला.

सरासरीपासून दूर जाण्याला आपण विचलन म्हणतो. हाच शब्द समाजशास्त्राची पुस्तकेही वापरतात. समाजाने ठरवलेल्या नियमापासून दूर गेलेले वागणे म्हणजे विचलित वर्तन. शब्द एकच असणे हा निव्वळ योगायोग नव्हे. त्यामागे एका खगोलशास्त्रज्ञाची कथा आहे.

ब्रुसेल्सच्या वेधशाळेचा संचालक ॲडॉल्फ केतले याने 1835 मध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्याच्या उपशीर्षकात 'सामाजिक भौतिकी' असा शब्दप्रयोग केला. ताऱ्याचे स्थान अनेकदा मोजले की वाचने एका मध्याभोवती घंटेच्या आकारात विखुरतात, हे खगोलशास्त्रज्ञांना ठाऊक होते. केतलेने पुढे 5,738 स्कॉटिश सैनिकांच्या छातीची मापे घेऊन तसाच आलेख काढला. मध्य सुमारे 40 इंचांवर आला आणि दोन्ही बाजूंना तीच सुबक घंटा! त्याला वाटले, निसर्ग एक 'सरासरी माणूस' घडवू पाहतो आणि आपण सारे त्या नेमाचे कमीअधिक चुकलेले बाण आहोत. (ऑग्यूस्त काँत या फ्रेंच तत्त्वज्ञाला 'सामाजिक भौतिकी' हा शब्द स्वतःच्या शास्त्रासाठी हवा होता. केतलेने तो आधीच उचलला म्हणून त्याने 1839 मध्ये चिडून नवा शब्द बनवला. 'समाजशास्त्र' हा आपला शब्द त्याचेच भाषांतर आहे.)

केतलेच्या तर्कात एक खोच आहे. ताऱ्याला एक खरे स्थान असते आणि आपली वाचने त्याभोवती चुकतात. पण 'खरी छाती' अशी काही वस्तू असते का? 36 इंची छातीचा सैनिक ही निसर्गाची चूक नव्हे. तो फक्त 36 इंची छातीचा सैनिक आहे. आणि छातीची ही कथा, तर वागण्याची काय असेल?

आमच्या येवल्याचेच उदाहरण घेऊ. संक्रांतीच्या तीन दिवसांत सारे गाव धाब्यांवर आणि गच्च्यांवर असते. कोणी हातात आसारी घेऊन तुमच्या जिन्याने वर चढला, तुमच्या पत्र्यावर धावला, कडेला उभा राहून घसा फुटेस्तोवर ओरडला, तरी तुम्ही त्याला तिळगूळ देता. तोच इसम तसाच आठ दिवसांनी चढला तर? वागणे तेच, स्नायूंची हालचाल तीच. बदलली ती तारीख. मांजाचीही तीच गोष्ट. पूर्वी चांगला मांजा म्हणजे काटाकाटीत टिकणारा मांजा. मग नायलॉनचा मांजा आला, पक्ष्यांचे पंख आणि माणसांचे गळे कापू लागला. 2017 मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने त्यावर देशभर बंदी घातली. कालपर्यंत जो मुलगा पतंगबाज होता, तो त्याच दोऱ्याने आज गुन्हेगार ठरतो. ही बंदी योग्यच आहे, पण मला दाखवायचे आहे ते एवढेच, की विचलन वागण्याच्या आत दडलेले नसते. वागणे आणि नियम यांच्यामधल्या अंतराला ते नाव आहे. नियम हलला की अंतर बदलते. भौतिकीत आपण म्हणतो ना, वेग सांगण्यापूर्वी संदर्भचौकट सांगा, तसेच हे आहे.

मग हा नियम, म्हणजे समाजशास्त्रज्ञ ज्याला सामाजिक प्रमाणक म्हणतात तो, येतो कुठून? यावर मुझफ्फर शेरीफ या मूळच्या तुर्की मानसशास्त्रज्ञाचा 1935 सालचा प्रयोग आम्हा भौतिकीवाल्यांना विशेष आवडावा असा आहे. पूर्ण अंधाऱ्या खोलीत एकच बारीकसा, स्थिर प्रकाशबिंदू दाखवला तर तो हलल्याचा भास होतो. भोवती ताडून पाहायला दुसरे काहीच नसते. शेरीफने लोकांना विचारले, बिंदू किती इंच हलला? एकेकट्याची उत्तरे फार निरनिराळी आली. मग दोघातिघांना एकत्र बसवून प्रत्येकाला मोठ्याने उत्तर सांगायला लावले. फेरीगणिक उत्तरे जवळ येऊ लागली आणि त्या गटाचा असा एक आकडा ठरून गेला. दुसऱ्या गटाचा आकडा दुसरा. नंतर त्यांना पुन्हा एकेकटे बसवले, तरी ते गटाच्याच आकड्याला चिकटून राहिले. लक्षात घ्या, बिंदू हललाच नव्हता! 1961 मध्ये जेकब्ज आणि कॅम्पबेल या दोघांनी याच्याही पुढे मजल मारली. गटात मुद्दाम शिकवून बसवलेल्या माणसांकडून त्यांनी अवास्तव मोठा आकडा वदवून घेतला. मग एकेक जुना माणूस काढून नवा आणला. मुद्दाम बसवलेली सगळी माणसे निघून गेल्यावरही तो आकडा काही 'पिढ्या' टिकला आणि हळूहळू झिजत गेला. 'पूर्वापार चालत आले आहे' हे कारण आपण किती सहज पुढे करतो!

पण खोलीतल्या प्रयोगात झिजणारा नियम खऱ्या समाजात इतक्या सहज झिजत नाही. कारण खऱ्या समाजात नियमामागे शास्ती असते. हसणे, कुजबुजणे, पंगतीतून उठवणे, वाळीत टाकणे, अशी ती चढत जाते.

येवल्याच्या मुलांना मुक्तिभूमी दाखवावी लागत नाही. परंतु बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. शेरीफचा निबंध प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, 13 ऑक्टोबर 1935 रोजी, येवल्यात भरलेल्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जाहीर केले, की हिंदू म्हणून जन्माला येणे आपल्या हाती नव्हते, पण हिंदू म्हणून आपण मरणार नाही. या घोषणेकडे आपण इतिहासाचा एक धडा म्हणून पाहतो. आज ती विचलनाच्या शास्त्राच्या दृष्टीने पाहू.

त्यासाठी आठ वर्षे मागे, महाडला जावे लागेल. मुंबईच्या कायदे कौन्सिलने 1923 मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला होता, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. महाडच्या नगरपालिकेने 1924 मध्ये तो आपल्या तळ्यापुरता मान्यही केला. कागद असा स्वच्छ होता. तरी 20 मार्च 1927 पर्यंत कोणी अस्पृश्य चवदार तळ्यावर जाऊ धजला नव्हता. त्या दिवशी बाबासाहेब आणि त्यांच्यामागून हजारो लोक गेले व पाणी प्याले. त्यानंतर त्यांच्यावर हल्ला झाला, माणसे जखमी झाली. पुढे 108 घागरी पंचगव्याने तळ्याची 'शुद्धी' करण्यात आली आणि त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला.

आता विचारू या, की इथे विचलित कोण? लिखित नियमाप्रमाणे पाणी पिणारे योग्य होते आणि मारणारे गुन्हेगार. अलिखित नियमाप्रमाणे नेमके उलटे. एकाच गावात, एकाच तळ्याच्या काठावर दोन नियम उभे होते आणि गावाच्या हातातली काठी दुसऱ्या नियमाच्या बाजूने उठली. प्रमाणक आणि कायदा यांत फरक काय, असा प्रश्न परीक्षेत विचारतात. त्याचे उत्तर महाडइतके नेमके मला दुसरीकडे आढळलेले नाही. तळ्याच्या खटल्याचा अखेरचा निकाल मुंबई उच्च न्यायालयात 17 मार्च 1937 रोजी बाबासाहेबांच्या बाजूने लागला. दहा वर्षे लागली.

दरम्यान नाशिकला 2 मार्च 1930 रोजी काळाराम मंदिराच्या प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड त्याचे स्थानिक पुढारी. वर्षामागून वर्षे गेली, दार उघडले नाही. या दाराशी आता शक्ती खर्च करू नये, असा निर्णय येवल्याच्याच परिषदेत झाला. म्हणजे महाड-नाशिकला मागणी होती ती नियमात आम्हालाही घ्या अशी आणि येवल्याला घोषणा झाली ती तुमचा नियमच आम्हाला नको अशी. रॉबर्ट मर्टन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1938 मध्ये विचलनाचे काही प्रकार सांगितले. समाजाने मान्य केलेले ध्येय आणि ते गाठण्याचे मान्य मार्ग, यांतले माणूस काय स्वीकारतो आणि काय नाकारतो यावर त्याची विभागणी आहे. ध्येय मान्य पण मार्ग बंद म्हणून आडमार्गाने जाणारा, ध्येय विसरून नुसते नियम पाळत राहणारा, दोन्ही सोडून बाजूला बसणारा, आणि शेवटी दोन्ही नाकारून त्यांच्या जागी नवे ध्येय, नवे मार्ग मांडणारा. येवला या शेवटच्या प्रकारात बसते. मर्टनची चौकट मला थोडी कोरडी वाटते हे खरे, पण बंद दारासमोर माणसे वेगवेगळी का वागतात, हा तिचा प्रश्न मात्र पक्का आहे.

बाबासाहेबांना हे शास्त्र परके नव्हते, हेही इथे सांगायला हवे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मे 1916 मध्ये, पंचविसाव्या वर्षी, त्यांनी हिंदुस्थानातील जातींवर एक निबंध वाचला होता. जातीचा नियम मोडणाऱ्याला जात बाहेर टाकते आणि अशा बाहेर टाकलेल्यांची पुन्हा नवी जात बनते, ही यंत्रणा त्यांनी त्यात उलगडून दाखवली. म्हणजे येवल्याच्या व्यासपीठावर उभा असलेला माणूस ही यंत्रणा बाहेरून अभ्यासलेला आणि आतून सोसलेला होता.

एमिल दुर्खीम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने 1895 मध्ये एक विधान केले आणि अनेकांचा रोष ओढवून घेतला. गुन्हा हा निरोगी समाजाचाही स्वाभाविक भाग आहे, असे ते विधान. सगळ्या संतांचाच मठ कल्पिला तरी तिथे गुन्हे असतीलच, तुम्हाआम्हाला क्षुल्लक वाटणारी चूक तिथे महापातक ठरेल, असे तो म्हणतो. सॉक्रेटिसचे उदाहरण देऊन तो पुढे म्हणतो, की आजचा गुन्हा कधी कधी उद्याच्या नीतीची पूर्वतयारी असतो. 'कधी कधी' हे शब्द सोडू नका. खिसा कापणारा प्रत्येक जण सॉक्रेटिस नसतो.

एकटा माणूस गटाविरुद्ध टिकतो कसा? सॉलोमन ॲश याने 1951 मध्ये हे मोजले. समोर तीन रेघा, त्यांपैकी दिलेल्या रेघेइतकी कोणती ते सांगायचे. लहान मूलही चुकणार नाही इतके सोपे. पण गटातले बाकीचे सगळे आधीच पढवलेले, ते ठरवून एकच चुकीचे उत्तर देतात. अशा वेळी सुमारे एकतृतीयांश उत्तरे गटामागे गेली. सुमारे चौथा हिस्सा माणसे मात्र एकदाही हलली नाहीत. मला महत्त्वाचा वाटतो तो पुढचा भाग. गटात फक्त एक जण खरे उत्तर देणारा ठेवला, की चुकीची साथ शेकडा पाच-सहावर घसरली. एक सोबती पुरतो.

इथवर नियम मोडणाऱ्यांची गोष्ट झाली. आता ज्यांनी काही मोडलेच नव्हते त्यांची.

1871 मध्ये ब्रिटिश सरकारने 'गुन्हेगार जमाती कायदा' केला. तो मांडताना युक्तिवाद असा झाला, की या देशात विणकराचा मुलगा विणकर आणि सुताराचा मुलगा सुतार होतो, धंदा जातीने चालतो, तेव्हा गुन्हा हाही काही जातींचा वंशपरंपरागत धंदाच असणार. येवल्यासारख्या विणकरांच्या गावात राहून मी हा युक्तिवाद पुन्हा पुन्हा तपासून पाहिला आहे. पैठणीचा काठ विणण्याचे कसब रक्तातून येत नाही. ते मागावर बसून, वर्षानुवर्षे चुका करून येते. आज येवल्यात मागावर बसणारे सगळेच काही जुन्या विणकर घराण्यांतले नाहीत. तेव्हा युक्तिवादाचा पायाच कच्चा. पण त्यावर इमारत उभी राहिली. 1911 च्या कायद्याने ती आपल्या मुंबई इलाख्यावरही आली. नाव नोंदवा, हजेरी द्या, परवान्याशिवाय गाव सोडू नका. सोलापुरात तर काटेरी तारांच्या कुंपणामागे वसाहतच होती. त्या भागाला लोक अजून 'सेटलमेंट' म्हणतात. मूल जन्मतःच गुन्हेगारांच्या यादीत! हा कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द झाला आणि त्या जमातींना 'विमुक्त' म्हणू लागले. भाषा मात्र रद्द झाली नाही. 'भामटा' हे एका जमातीचे नाव आहे आणि आपण तो शब्द फसव्या माणसासाठी सहज वापरतो. लक्ष्मण गायकवाड यांनी आपल्या आत्मकथनाला 'उचल्या' हे नाव दिले, ते काही उगाच नव्हे. 1988 चा साहित्य अकादमी पुरस्कार त्या पुस्तकाला मिळाला आहे.

हॉवर्ड बेकर याने 1963 मध्ये मांडले, की विचलित म्हणजे ज्याच्यावर तसा शिक्का यशस्वीपणे बसला तो. प्रयोगशाळेतले उदाहरण घ्या. परीक्षानळीत चार थेंब गरम पाणी आहे आणि तुम्ही त्यात थंडगार तापमापी बुडवलात. तुम्ही जे वाचता ते पाण्याचे तापमान नव्हे. तापमापीने बदलून टाकलेले तापमान ते. शिक्क्याचे असेच होते. विल्यम चॅम्ब्लिस याने 1973 मध्ये एका अमेरिकन हायस्कुलातील मुलांच्या दोन टोळक्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चांगल्या घरच्या आठ मुलांचे एक, गरीब घरच्या सहांचे दुसरे. शाळा बुडवणे, दारू, नासधूस यांत पहिले टोळके मुळीच मागे नव्हते. पण त्यांच्याकडे मोटारी होत्या, ते गावाबाहेर जाऊन उद्योग करीत आणि पकडले गेले तर नम्रपणे बोलत. त्यांतल्या एकालाही अटक झाली नाही. दुसऱ्या टोळक्याला मात्र गाव गुंड म्हणे आणि पोलिसांचे लक्ष सतत त्यांच्यावर असे.

मला अमेरिकेपर्यंत जावे लागत नाही. मी नववीत असताना आमच्या वर्गात गावाबाहेरच्या पालांवरून एक मुलगा येत असे. एके दिवशी माझी कंपासपेटी दिसेना. मी कोणाचे नाव घेतले नाही, फक्त मान वळवून त्याच्याकडे पाहिले. तेवढे पुरले. सगळ्या वर्गासमोर त्याचे दप्तर फरशीवर ओतले गेले. त्यात दोन वह्या आणि फडक्यात बांधलेली भाकरी निघाली. पेटी सापडली नाही, म्हणून त्याला छड्या बसल्या, पेटी कुठे लपवली ते सांगत नाही म्हणून. संध्याकाळी घरी गेलो तर पेटी धाकट्या बहिणीच्या दप्तरात होती. तिने नकाशा काढायला नेली होती. दुसऱ्या दिवशी मी ती शाळेत नेली नाही. पुढे आठवडाभर भावाची जुनी पेटी वापरली. दिवाळीच्या सुटीनंतर तो मुलगा शाळेत आला नाही. वर्गाने त्याचेही कारण लगेच शोधले. चोर होता, पळून गेला! विचलनाचा सिद्धान्त वाचताना मला सर्वांत आधी आठवते ती फडक्यातली भाकरी.

महाराष्ट्रात अलीकडे या यंत्रणेवर कायद्याने हात घातला आहे. जातपंचायतींनी कुटुंबे वाळीत टाकण्याचे प्रकार चव्हाट्यावर आल्यानंतर राज्याने 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, तो 3 जुलै 2017 पासून अमलात आला. वाळीत टाकणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मुंबई प्रांताने 1949 मध्येही असा एक कायदा केला होता, पण 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. नव्या कायद्याची गंमत पाहा. नियम मोडणाऱ्याला शासन करणारी पंचायत आता स्वतःच नियम मोडणारी ठरली. संदर्भचौकट पुन्हा हलली. अर्थात महाडचा कागदही स्वच्छ होता, हे विसरून चालणार नाही.

शेरीफचा अंधार वर्गात करणे अवघड आहे. त्याऐवजी पुढील प्रयोग शिक्षकांनी करून पाहावा. काचेच्या बरणीत हरभरे भरा. दाणे किती असतील, हे प्रत्येक विद्यार्थ्याला एका चिठ्ठीवर लिहायला सांगा, कोणाशी न बोलता. चिठ्ठ्या गोळा करा. मग पाचपाच जणांचे गट करून प्रत्येकाला आपापल्या गटात पाळीने मोठ्याने अंदाज सांगायला लावा. अशा तीन फेऱ्या. शेवटी पुन्हा एकेकट्याने चिठ्ठी लिहायची. प्रत्येक गटाचा सर्वांत मोठा व सर्वांत लहान आकडा यांतील फरक पहिल्या आणि शेवटच्या चिठ्ठ्यांसाठी काढा, दोन्ही फळ्यावर शेजारी शेजारी मांडा. कोणत्या गटात कोणाचा आकडा इतरांनी उचलला, तेही पाहा. वर्गातला पहिला नंबर त्या गटात होता का? ज्याचा आकडा शेवटपर्यंत दूरच राहिला त्याला तो का, हे विचारा, आणि तो सांगत असताना वर्गाला हसू देऊ नका. दाणे मोजण्याचे काम अगदी शेवटी ठेवा. खरा आकडा आधीच फुटला तर प्रयोग तिथेच संपेल.